देवकापुरतं जोडपं

“चहाची पावडर कुठं असते तुमची?”

स्वयंपाकघरातून गिरिजाचा आवाज आला. बाहेरच्या खोलीत खिडकीला आरसा टेकवून दाढी करत बसलेला सोमेश्वर म्हणाला, “फळीवर. मिठाच्या बरणीमागं.” म्हणून झालं आणि मग ब्रश गालावरच थांबला. आरशातला अर्धा चेहरा साबणानं पांढरा होता, उरलेला अर्धा त्याच्याकडे बघत होता. आत डबा उघडल्याचा आवाज झाला, पाणी उकळायला लागलं. काही म्हणजे काही झालं नव्हतं. बायकोनं एक वस्तू विचारली होती, नवऱ्यानं जागा सांगितली होती.

पण ‘तुमची’ म्हणाली. या जालन्यातल्या घराच्या भिंती गुडघ्याएवढ्या होत्या तेव्हापासून ते स्वयंपाकघर तिचं होतं. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रातली त्याची नोकरी, निवृत्तीपर्यंत जाऊन-येऊन केलेली. सकाळच्या गाडीनं निघायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. त्या सगळ्या वर्षांत त्या घरात मीठ कुठं आणि साखर कुठं हे त्याला विचारावं लागे, आणि ती पोळी लाटतालाटता मान न वळवता सांगे. आता मान न वळवता त्यानं सांगितलं होतं. ती पुण्याला गेल्यानंतर खाली वाकून डबे काढताना त्याची कंबर धरायला लागली, म्हणून त्यानंच एकेक डबा वर सरकवला होता. तेव्हा तिला सापडत नाही यात तिचा काय दोष. आणि ‘पावडर’ म्हणाली. ‘पत्ती’ म्हणायची ती. जन्मभर पत्ती म्हणत आली. सोमेश्वरला वाटलं, आपण उगीच शब्दाला शब्द चिकटवतोय. रिकाम्या घरात राहून माणसाचे कान नको इतके तिखट होतात. त्यानं वस्तरा उचलला.

ती गेली होती तृप्तीच्या बाळंतपणाला. लेक पुण्यात, जावई पुण्यात, दोघं नोकरीला. “सव्वा महिन्यानं येते,” म्हणाली होती, आणि त्याच्यासाठी शेंगदाण्याची चटणी, लोणचं, पापड असं काढून ठेवून गेली होती, जणू सव्वा महिना म्हणजे तेवढी चटणी. मग तृप्तीची रजा संपली. मग पोरीला पाळणाघरात ताप यायला लागला. मग पोरगी आजीशिवाय जेवेना. प्रत्येक कारण खरं होतं, आणि एकेक खरं कारण जोडत जोडत वर्षं गेली. ती पोरगी, रेवा, आता बसमध्ये बसून शाळेत जाते. सुरुवातीला शेजारी विचारायचे, “वैनी कधी येणार?” तो सण सांगायचा. दसऱ्याला. संक्रांतीला. ती यायचीही, दोन दिवस, आणि घर वरपासून खालपर्यंत धुऊन परत जायची. गेली दोन वर्षं तेही झालं नव्हतं. आता कोणी विचारतच नव्हतं, आणि विचारत होते त्यापेक्षा विचारत नाहीत हेच त्याला जास्त लागायचं. भांडण झालं असतं तर सांगता तरी आलं असतं. सोडचिठ्ठी म्हणावी तर रोज फोनवर बोलणं. संसार म्हणावा तर एका ताटाचा. फोनमध्ये आधी ती दिसायची, “जेवलात का?” विचारायची. मग पोरगी फोन हिसकायची आणि बराच वेळ नुसता छताचा पंखा दिसत राहायचा. सोमेश्वर त्या पंख्याकडे बघत बसायचा. त्या घराचा पंखा त्याला आता आपल्या घराच्या पंख्याइतका ओळखीचा झाला होता.

त्याची आई लेकीच्या घरचं पाणी पीत नव्हती. सोमेश्वरच्या बहिणीकडे गेली तर घरून तांब्या नेई. त्या आईचा मुलगा आता लोकांना सांगत होता की मंडळी लेकीकडं असतात.

गिरिजानं चहा आणून ठेवला. चांगला झाला होता, पण साखर कमी. तिला सांगावं की नाही यात त्यानं कप संपवला. “अकराच्या बसनं निघू,” ती म्हणाली. “उद्या सकाळीच देवक हाय म्हणले रायभानभाऊजी.” गावाचं नाव निघालं की तिची बोली आपोआप वळायची, हे त्याच्या लक्षात आलं आणि उगीच बरं वाटलं.

रायभान म्हणजे सोमेश्वरचा धाकटा भाऊ. तीर्थपुरीला शेती करतो. त्याची बायको कोरोनात गेली. आता त्याच्या पोराचं, शिवशंकरचं, लग्न होतं. आणि घरात देवक बसवायला जोडपं लागतं. रायभान एकटा. मग थोरला भाऊ आणि थोरली भावजय. शिवशंकरनंच पुण्याला फोन केला होता: “मोठी माय, तू न्हाई आलीस तर देवकाला कोण बसणार?” आणि ती आली होती. सोमेश्वरनं दोन दिवाळ्या ‘ये’ म्हटलं तेव्हा पोरीची परीक्षा होती, जावयाचा दौरा होता. देवक म्हटल्यावर आली. ते योग्यच होतं. आपल्याला राग यायला हवा का, हे तो मनात चाचपून पाहत होता आणि तिथं राग सापडत नव्हता, नुसती दमणूक होती.

बसमध्ये ती खिडकीशी बसली, तो तिच्या शेजारी. बाहेर कापसाच्या रिकाम्या पऱ्हाट्या, मधूनच मोसंबीची हिरवी बाग, परत माळ. तिच्या हातातल्या पिशवीला इस्त्रीचा वास येत होता. त्या वासानं त्याला पुण्याचं घर आठवलं. अकराव्या मजल्यावरचं. गेल्या वर्षी तृप्तीनं हट्टानं बोलावलं, “बाबा, इथंच राहा ना तुम्हीबी,” म्हणून तो गेला होता पंधरवड्यासाठी. त्या घरात प्रत्येकाला आपापलं काम ठाऊक होतं. जावई, अंगद, सकाळी पोरीची वेणी घालायचा. रविवारी स्वतःचे शर्ट, तृप्तीचे कुडते आणि त्याच ओघात सासूच्या साड्या इस्त्री करायचा; पदर नीट सारखा करून, तोंडानं शिट्टी वाजवत. सोमेश्वरला कुठं बघावं ते कळेना. तो गॅलरीत जाऊन बसला. खाली माणसं मुंग्यांएवढी. संध्याकाळी गिरिजा बुटांचे बंद बांधून तिच्यासारख्याच चार बायकांबरोबर फिरायला गेली. त्यातली एक सोलापूरची, एक कुठली बिहारची. तिला त्यांच्याबरोबर हसताना त्यानं वरून पाहिलं. इतक्या उंचीवरून आवाज येत नव्हता. पण ती मान मागं टाकून हसत होती एवढं दिसत होतं. आपल्या घरात ती अशी हसल्याचं त्याला आठवेना. हसली असेल. आपण गाडीत असू. नवव्या-दहाव्या दिवशीच घरची मोटर बिघडल्याचं निमित्त काढून तो परतला. तृप्ती रडवेली झाली. गिरिजानं डबा बांधून दिला. राहा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

तीर्थपुरीत मांडव पडला होता. रायभाननं दारातच भावाचा हात धरला. रायभान वाळला होता. “दादा,” तो म्हणाला, “पोरगी जालन्याला नर्स हाय, दवाखान्यात. नोकरी सोडणार न्हाई म्हणती. जालन्यालाच खोली करून राहणार दोघं. शिवा गाडीवर येऊन-जाऊन शेती पाहणार.”

“मंग तू?”

“मी हाय की इथं.” रायभान हसला. “किती वर्सं झाली पोरी पाहून. शेती म्हणलं की पोरीचा बाप चहाबी ठिवत न्हाई. ही शीतल बोलली तरी नीट. तिनं शिवालाच इचारलं, मला रातपाळी असली तर तुमी सैपाक करताल का? हा हो म्हणला. आता मलाबी तुझ्याकडं शिकाया यावं लागंल, वरण-भात तरी.”

थट्टेच्या सुरात बोलला, पण दोघा भावांची नजर एकमेकांवरून सरकून दुसरीकडे गेली. एकाच मायच्या पोटची दोन माणसं, दोन गावांत, दोन घरांत, एकेक पातेलं घेऊन. बापानं दोघांची लग्नं एकाच मांडवात उरकली होती. तेव्हा कोणी काही विचारलं नव्हतं, सोमेश्वरला नाही, गिरिजाला तर नाहीच. लग्न ही पावसासारखी किंवा थंडीसारखी होणारी गोष्ट होती. ती झाली की माणूस त्यात राहायचा. आता पोरगी आधी विचारते, मग लग्नाला उभी राहते. यात वाईट काय आहे ते त्याला सांगता आलं नसतं. पण आपण ज्या घरात जन्म काढला त्याला दार होतं हे आत्ता कोणीतरी दाखवावं, तसं काहीसं वाटत होतं.

सकाळी देवक निघालं. त्याच्या उपरण्याची आणि तिच्या शालूच्या पदराची गाठ शिवशंकरच्या आत्यानं मारली, चांगली आवळून. त्याच्या खांद्यावर कुऱ्हाड, तिच्या हातात ताट. पुढं बँडवाले, मागं बाया. मारुतीच्या देवळापर्यंत चालत जायचं, पानं पुजून परत यायचं. अशा गाठीनं तो आयुष्यात कितीदा चालला होता, स्वतःच्या लग्नात, बहिणीच्या, तृप्तीच्या. आणि दर वेळी तो पुढं आणि ती दोन पावलं मागं, पदर ताणला की ती पाऊल उचलायची. आज काहीतरी ओढत होतं. आधी त्याला वाटलं उपरणं कशात अडकलं. मग लक्षात आलं, ती पुढं चालतेय. मुद्दाम नव्हे. तिच्या पायांना पुण्याच्या संध्याकाळची सवय लागली होती. झपझप, हात हलवत चालण्याची. आणि त्याचे गुडघे आताशा कुरकुरत. उपरणं मानेवर काचलं, तेव्हा तो नकळत म्हणाला, “अगं, हळू.”

ती थांबली. वळून पाहिलं. “अगंबाई, ध्यानातच आलं न्हाई,” म्हणाली आणि त्याच्या पावलाला पाऊल मिळवून चालायला लागली, सासऱ्याला देवळात नेणारी सून चालते तशी, जपून. मागच्या बाया हसल्या. कोणीतरी म्हणालं, “पुण्याला जाऊन आमची वैनी जवान झाली.” बँड वाजत होता. सोमेश्वरच्या डोळ्यांपुढं धूळ आणि ऊन यांचं काहीतरी पिवळं पिवळं झालं आणि त्यात अचानक तुरीचं फूल आलं.

तृप्ती पोटात होती तेव्हाची गोष्ट. बदनापूरच्या शेतांत तूर फुलावर होती आणि त्यानं रात्री जेवताना सहज म्हटलं होतं, सगळं रान पिवळं झालंय, बघण्यासारखं. दुसऱ्या दिवशी दुपारी शिपाई सांगत आला की साहेब, तुमच्या मंडळी फाटकावर आल्यात. तो पळत गेला. ती उभी होती, नवं लुगडं नेसून, एसटीच्या धुळीनं माखलेली. त्यानं विचारलं, “काय झालं? कोण गेलं?” ती म्हणाली, “कुणी न्हाई. सहजच आले.” सहज म्हणजे काय ते त्याला कळलं नव्हतं. माणूस सहज कसा येतो, पोटुशी बाई, तिकीट काढून? मागं सगळे सहकारी बघत होते. त्यानं तिला पाणी पाजलं आणि परतीच्या गाडीत बसवून दिलं. पिवळं रान फाटकाच्या पलीकडेच होतं. तिला तिथून दिसलं असेल, असं तो नंतर स्वतःला सांगायचा. यावर ती कधी काही बोलली नाही. विसरलीही असेल. माणसं मोठ्या गोष्टी मनात धरतात. हे तर काहीच नव्हतं. तरी कधी कधी, दुपारी एकटा जेवताना, फाटकावरची ती त्याला दिसायची, आणि घास तोंडात फिरत राहायचा.

लग्न लागलं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या. शीतल नवरीच्या शालूतच मोबाइलवर दवाखान्यात कोणाला तरी “ती सलाईन बदला आधी,” असं सांगत होती आणि शिवशंकर तिच्या पदराचा घोळ सावरत उभा होता. दुपारी सगळे जिथं जागा मिळेल तिथं आडवे झाले. घरामागच्या लिंबाखाली बाजेवर सोमेश्वर बसला होता. गिरिजा हात पुसत आली आणि बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसली. बोलायचं तर आत्ताच, हे त्याला कळलं. उद्या तिची दुपारची बस होती.

“रेवा आता शाळेत जाया लागली,” तो म्हणाला.

“हां. चारपर्यंत असती.”

“मंग तुझं तिथलं काम झालं म्हणायचं.”

“झालंच की.”

“मंग?”

तिनं पदराच्या टोकानं कपाळ टिपलं. “काम झालं म्हणून तर जरा बरं वाटून राह्यलंय.” कोंबड्या मातीत अंग घोळत होत्या. “सकाळी ते सगळे गेले की घरात मी एकटी असते. चार वाजेपर्यंत मला कुणी काही मागत न्हाई. चहा न्हाई, पाणी न्हाई, कुणाचा डबा न्हाई. मी नुसती पडते. कधी पेपर वाचते. कधी खिडकीत बसते. अहो, माझ्या जन्मात अशी दुपार न्हवती. लहान होते तर मायच्या हाताखाली, मंग तुमच्या मायच्या, मंग लेकराच्या. मला ठावंच न्हवतं दुपार अशी असती म्हणून.”

“इथं तरी कोण काय मागतं आता? मी माझं करून घेतो की सगळं. सैपाक, धुणं.”

“हां,” ती म्हणाली. “आता.”

त्या शब्दात टोमणा नव्हता. असता तर त्यानं उत्तर दिलं असतं. ती दमलेल्या माणसाच्या सरळपणानं बोलत होती.

“मंग येणार न्हाईस.”

“राहायला न्हाई. सणाला, कामाला येत जाईन. तुमचं काही दुखलंखुपलं तर धावत येईन, ते सांगायला नको. तुम्हीबी या तिकडं, वाटलं तर. न्हाई वाटलं तर नका येऊ, मला राग न्हाई.” तिनं त्याच्याकडे पाहिलं. “तुमच्यावर रुसून न्हाई गेले मी. लोकांना वाटतं तसं.”

“मंग आपण काय म्हणायचं याला?”

“काय म्हणायचं? नवरा-बायको हाओत की. त्याला काय झालं?”

तो लिंबाच्या सावलीकडे बघत राहिला. ओरडावं, गावात तोंड कसं दाखवू म्हणावं, असं त्याच्या बापानं केलं असतं. त्याच्या वयाच्या कितीतरी जणांनी केलं असतं. पण ओरडायला आधी आपली बाजू आपल्याला पटावी लागते. आणि त्याला राहून राहून वाटत होतं ते एवढंच, की तिच्याकडे चारपर्यंतची दुपार आहे आणि आपल्याकडे सकाळपासूनची. मग ती तिला गोड का आणि आपल्याला जड का? दुपार तर दुपारच. हे तिला विचारावंसं वाटलं. तेवढ्यात आतून कोणीतरी “मोठी माय, ओटीचं सामान कुठं?” अशी हाक मारली आणि ती गुडघ्यावर हात टेकून उठली, “आले” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जालन्याच्या बसस्टँडवर पुण्याच्या गाडीला उशीर होता. चौकशीच्या खिडकीतला माणूस ‘येईल’ म्हणत होता. पंख्याखालच्या सिमेंटच्या बाकावर दोघं बसले. भोवती लग्नसराईची गर्दी, पेट्या, रडणारी लेकरं, केळीवाला. गिरिजा म्हणाली, “दोन दिवस पाठ टेकली न्हाई.” थोड्या वेळानं तिचं डोकं डुलायला लागलं, एकदा सावरलं, दोनदा सावरलं आणि तिसऱ्यांदा त्याच्या खांद्यावर येऊन टेकलं.

सोमेश्वर ताठ झाला. भर स्टँडात, एवढ्या माणसांत. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. कोणी बघत नव्हतं. समोरची म्हातारी बघत होती, पण तिनंही नजर काढून घेतली. इतक्या वर्षांत ती घराबाहेर कधी अशी टेकली नव्हती. घरातही त्याला आठवत नव्हतं. तिचा श्वास संथ चालला होता. तोंड किंचित उघडं. केसांच्या मुळाशी मेंदीचा रंग उडून पांढरं दिसत होतं, आणि कालच्या अक्षतेचा एक पिवळा दाणा तिथं अडकला होता. तो काढावा म्हणून त्यानं हात उचलला आणि खाली ठेवला; जागी झाली असती. खांद्याला तिचं वजन हळूहळू कळायला लागलं. फार नव्हतं. मग हाताला मुंग्या आल्या, मग हात आपला राहिलाच नाही. त्यानं बोटसुद्धा हलवलं नाही.

गाडी आली. धूळ उडवत मागं मागं येऊन फलाटाला लागली, पाटीवर पुणे, शिवाजीनगर. माणसं उठून धावली. कंडक्टरनं दार उघडलं, पेट्या चढायला लागल्या. गिरिजा झोपली होती, एवढ्या गोंधळात, लहान पोरासारखी. त्यानं गाडीकडे पाहिलं. बसून राहिलं तर काय होणार होतं? गाडी गेली असती. ती जागी झाली असती, “अगंबाई” म्हणाली असती, आज संध्याकाळी घरी आली असती, उद्याचं तिकीट काढलं असतं. एक दिवस. कोणाला काही कळलंही नसतं. माणसाला झोप लागते, त्यात कोणाचा काय गुन्हा. गाडीचं इंजिन घरघरत होतं. कंडक्टरनं हाक दिली, “पुणे, पुणे, पुणे,” आणि घंटीच्या दोरीला हात घातला.

“अगं, ऊठ,” सोमेश्वर म्हणाला. आवाज बसका आला म्हणून त्यानं परत म्हटलं, “ऊठ. गाडी लागली.”

ती दचकून सरळ झाली, पदर सावरला. “किती वेळ झोपले मी?”

“आत्ताच. आत्ताच डोळा लागला होता.”

त्यानं डाव्या हातानं तिची पिशवी उचलली, कारण उजवा उचलत नव्हता, आणि गर्दीत वाट काढत, कंडक्टरला “बाई हायेत, बाई हायेत, थांबा” असं ओरडत, तिच्या पुढं चालू लागला.